विमानात नेण्याचं ऑक्सिजनचं लहान मशीन भाड्यानं – बेळगावातून कुणी नेलंय का?

अनगोळकर
नमस्कार मंडळी. आमचे आप्पा ७३ वर्षांचे. सगळी नोकरी उद्यमबागेतल्या फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा, म्हणून झाली. आता फुफ्फुसं आखडलीत, डॉक्टर फायब्रोसिस म्हणतात. घरी मिनिटाला ५ लिटरपर्यंत ऑक्सिजन देणारं मशीन आहे. झोपताना आणि जरा हालचाल करायची झाली की २ लिटरवर लावतो. बसल्या जागी मशीनशिवाय बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं मीटर ९१-९२ टक्के दाखवतं, चार पायऱ्या चढले की ८४.

धाकटा भाऊ फौजेत आहे, सध्या दिल्लीला. त्याच्या मुलीचं लग्न फेब्रुवारीअखेर तिकडंच ठरलंय. आप्पांचा जायचा हट्ट आहे आणि मला तो मोडायचा नाही. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून बेंगळूर, तिथून दिल्ली असा विचार आहे.

शहरातली सर्जिकलची दुकानं फिरून आलो. घरात ठेवायचं मोठं मशीन भाड्यानं हवं तितकं मिळतंय. बॅटरीवर चालणारं, विमानात नेता येईल असं लहान मशीन कुणाच्याच कपाटात नाही. एकजण "पुण्याहून मागवून देतो" म्हणाले, पण कुठल्या कंपनीचं, ते त्यांना सांगता येईना.

तर तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मशीन कुठून घ्यावं? विमान कंपनीला काय कळवावं लागतं? आणि बॅटऱ्या किती घ्याव्या?

निपाणीकर
आईसाठी आम्ही पुण्याहून मागवलं होतं. पार्सल वेळेवर आलं, मशीनही बरं होतं. पण भाडं मोजलं ते पार्सल तिकडून निघाल्या दिवसापासून परत तिकडं पोचेपर्यंत, आणि ते आधी कुणी सांगितलं नव्हतं. डिपॉझिटही दांडगं घेतात, कारण नवं मशीन लाखांत जातं. भाडं कुठल्या दिवसापासून कुठल्या दिवसापर्यंत, हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी नको.

खडेबाजार
एवढा खटाटोप कशाला? घरात लहान सिलिंडर असतोच की. तोच पिशवीत घालून न्यायचा.

मलप्रभा
@खडेबाजार, भरलेला सिलिंडर प्रवाशाला स्वतःचा म्हणून विमानात नेऊ देत नाहीत. दाबाखालचा वायू, त्यातून ऑक्सिजन, म्हणजे धोकादायक मालात मोडतो. काही कंपन्या आधी कळवलं तर स्वतःचा सिलिंडर पैसे घेऊन देतात, पण तो फक्त विमानात. दारातून खाली उतरलं की पेशंट मोकळाच. बेंगळूरच्या टर्मिनलवर दोन-तीन तास काढायचे असतील तर त्या वेळेचं काय?

घरातलं १४-१५ किलोचं मशीनही केबिनमध्ये चालत नाही, त्याला भिंतीतला करंट लागतो. मुक्कामाच्या ठिकाणी वापरायला ते सामानात टाकता येतं. त्यापेक्षा दिल्लीत पोचल्यावर तिथंच मोठं मशीन भाड्यानं घेतलेलं सोपं.

शहापूरची_लेक
मी बेंगळूरला रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे, माहेर शहापूर. अनगोळकर दादा, भाड्यानं कुठून घ्यायचं ते जरा बाजूला ठेवू. त्याच्या आधी आप्पांना कुठल्या प्रकारचं मशीन पुरतं ते ठरवायला हवं. बहुतेक घरांत नेमकं हेच राहून जातं.

लहान मशीन दोन तऱ्हेची. एका प्रकारात आपण श्वास आत ओढला की तेवढ्यापुरता ऑक्सिजनचा झोत सुटतो, त्याला पल्स म्हणतात. दुसरं घरच्या मशीनसारखं सतत सोडतं, नळ सोडून ठेवल्यासारखं. इनोजेन वन जी३, जी५, सिम्प्लीगो मिनी ही फक्त पल्सवाली. वजन सव्वादोन किलोच्या आसपास, खांद्याला अडकवून चालता येतं. नुसतं सिम्प्लीगो नावाचं मोठं मॉडेल सतत २ लिटरपर्यंत देतं, ते साडेचार किलोचं. इक्लिप्स ५ सतत ३ लिटरपर्यंत जातं, पण आठ किलोच्या वर, चाकांच्या गाडीवरून ओढायचं.

आता महत्त्वाचं. पल्स मशीनवरचा २ म्हणजे २ लिटर नव्हे. तो त्या कंपनीचा नुसता क्रमांक आहे. जी५ चा २ म्हणजे मिनिटाला ४२० मिलिलिटर. ऐकून घाबरू नका. हा ऑक्सिजन श्वासाच्या सुरुवातीलाच नेमका आत जातो, वाया जात नाही, म्हणून पुष्कळांना तेवढा पुरतो. पण अशा मशीनचा मिनिटाचा कोटा ठरलेला असतो. श्वास भरभर चालला की प्रत्येक श्वासाच्या वाट्याला कमी येतो. फायब्रोसिसचा माणूस चालायला लागला की श्वास भरभर आणि उथळ होतो. म्हणजे गरज जास्त, नेमकं तेव्हाच झोत लहान. झोपेत तोंड उघडं पडलं की काही मशीनांना श्वास कळतच नाही, अलार्म वाजत राहतो.

विमान ३५ हजार फुटांवर उडालं तरी आतला दाब ६ ते ८ हजार फुटांवरच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवलेला असतो. आपलं बेळगाव अडीच हजार फुटांवर. ८ हजार फुटांवरची हवा म्हणजे समुद्रकाठी २१ ऐवजी १५ टक्के ऑक्सिजनची हवा घेण्याबरोबर. धडधाकट माणसाचंही मीटर नव्वदीच्या सुरुवातीला येतं. आप्पा जमिनीवरच तिथं आहेत.

म्हणून छातीच्या डॉक्टरांना भेटून हे तिन्ही लिहून घ्या: बसून किती, चालताना किती, विमानात किती. आधीच ऑक्सिजनवर असलेल्यांना विमानात सहसा वाढवून देतात. स्वतःच्या मनानं मात्र वाढवू नका. ज्यांना जुना दमा-सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) आहे त्यांच्यात जास्त ऑक्सिजननं कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते. त्यांना ८८ ते ९२ मध्येच ठेवतात, ९८ चा हव्यास धरत नाहीत. आणि भाड्याचं मशीन प्रवासाच्या चार दिवस आधी घरी आणा. आप्पांना ते लावून गल्लीतून सहा मिनिटं चालवा, मीटर बोटाला ठेवून. दुकानदार काय सांगतो यापेक्षा ती सहा मिनिटं जास्त सांगतील.

अनगोळकर
ताई, एवढं सविस्तर आजवर कुणी सांगितलं नव्हतं. कागदावर उतरवून घेतलं. सोमवारी डॉक्टरांकडं जातोय.

चिकोडी_एक्सप्रेस
माझं मत वेगळं आहे. भाडं, डिपॉझिट, पार्सल हे सगळं करण्यापेक्षा वापरलेलं मशीन विकत घ्या. करोनात २०२१ ला लोकांनी किती मशीनं घेतली, आता माळ्यावर पडून आहेत. निम्म्या किमतीत मिळतात. काम झालं की विकून टाका.

मलप्रभा
माळ्यावर पडलेल्यातली बहुतेक मोठी, करंटवरची आहेत, बॅटरीवरची फार थोडी. आणि पडून राहिलेलं मशीन घेताना दहादा विचार करा. आत झिओलाइटचे खडे असतात, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढं सोडतात. बंद मशीन आपल्याकडच्या पावसाळ्यात पडून राहिलं तर तेच खडे दमट हवेतलं पाणी धरतात आणि मग नायट्रोजन धरेनासे होतात. मशीन चालू होतं, आवाज करतं, हवाही सोडतं. पण ९० च्या वर असायला हवा तो ऑक्सिजन ७०-७५ टक्क्यांवर येतो. बाहेरून काही कळत नाही.

चिकोडी_एक्सप्रेस
मग भाड्याचं मशीन तरी कशावरून चांगलं? तेही कुठल्या तरी गोदामात पडलेलंच असणार ना.

मलप्रभा
बरोबर बोललात. म्हणून ताब्यात घेताना ऑक्सिजन ॲनालायझर लावून टक्केवारी दाखवायला सांगायचं. चांगल्या भाडेवाल्याकडं ते असतं. दाखवायला कां-कूं करणाऱ्याकडून घेऊ नका. आमच्या शेजाऱ्यांना पुण्या-मुंबईच्या बाहेरच्या एका दुकानातून आलेलं मशीन पिवळा दिवा दाखवत होतं, दुकानदार म्हणे "तो असाच लागतो". तो दिवा ऑक्सिजन कमी पडतोय हेच सांगत असतो.

खानापूरकर
एक विचारू? विमानच कशाला? गोवा एक्सप्रेस बेळगावहून थेट निजामुद्दीनला जाते. आठ हजार फूट नाही, दाब नाही, फॉर्म नाही. एसीचं तिकीट काढा, आप्पा झोपून जातील.

शहापूरची_लेक
काका, उंचीचा मुद्दा अगदी खरा. पण दीड दिवसाचा प्रवास आहे. डब्यातलं सॉकेट मोबाइलसाठी असतं, त्याच्या भरवशावर ऑक्सिजनचा पेशंट न्यायचा नाही. मधेच करंट गेला तर बॅटऱ्या दीड दिवस पुरणार नाहीत. शिवाय रात्री मध्य प्रदेशात कुठं तरी दम लागला तर उतरून जायचं कुठं? एका रात्रीच्या आतला प्रवास असता तर मीही रेल्वेच सांगितली असती.

खानापूरकर
हं, हे पटलं. बेंगळूरपर्यंतचं असतं तर रेल्वे, दिल्लीला नाही.

टिळकवाडी_पहिलं_गेट
माझे काका सांबऱ्याहून असं मशीन घेऊन गेलेत, सगळे कागद मीच केले होते. सांगतो.

तिकीट काढल्यावर कंपनीकडून मेडिफ नावाचा फॉर्म मागवा. एक भाग आपण भरायचा, एक डॉक्टरांनी. मशीनची कंपनी, मॉडेल, विमानात किती नंबरवर चालणार, बॅटऱ्या किती, हे सगळं त्यात येतं. निदान ४८ तास आधी पोचला पाहिजे, मी म्हणतो आठवडा आधी द्या. त्यांचे डॉक्टर शंका काढतात, मग आपले डॉक्टर ओपीडीत अडकलेले असतात, त्यात दिवस जातात. मॉडेल लिहावं लागतं, म्हणून मशीन आधी पक्कं करा, फॉर्म नंतर.

डॉक्टरांचं पत्र इंग्रजीतच घ्या. आमच्या काकांचं सरकारी दवाखान्यातलं एक पत्र कन्नडमध्ये होतं. इकडं काही अडलं नाही, परतताना तिकडच्या काउंटरवर कुणाला वाचता येईना. आणि फॉर्मवर परतीची तारीखही घाला. जाताना सगळं बघतात, परतीचं घरचे विसरतात.

व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागा, पैसे लागत नाहीत. आप्पा चालू शकत असले तरी मागा. बेंगळूरला फाटकापासून फाटकापर्यंत केवढं चालणं असतं! बाहेर पडायच्या दाराजवळच्या रांगेत मशीनवाल्याला बसवत नाहीत. खिडकीची जागा घ्या, म्हणजे नळी कुणाच्या पायात येत नाही. उडताना-उतरताना मशीन पुढच्या सीटखाली, हवा ओढायची जाळी उघडी राहील असं ठेवायचं. एटीआर (पंख्यांचं लहान विमान) असेल तर चढायचं दार मागं असतं, पायऱ्या थोड्याच आहेत पण आहेत. पायऱ्यांना ८४ होत असेल तर उचलून न्यायची सोय आधी बोलून ठेवा.

वडगाव_बाजार_गल्ली
लग्नाला जाताय तर कुंदा नेणारच. तेवढा बॅटरीच्या पिशवीत कोंबू नका म्हणजे झालं. सिक्युरिटीवाले आधी बॅटऱ्या काढायला लावतात, मग डबा उघडायला लावतात, आणि मग सगळ्यांना वास जातो :)

अनगोळकर
हा हा, कुंद्याची जबाबदारी आमच्या मंडळींकडं. आप्पांनी डबे किती ते आधीच सांगून ठेवलंय.

सदाशिवनगर_पेठ
बॅटरीचं बोला कुणी तरी. आम्ही मुंबईहून अमेरिकेला सासूबाईंना घेऊन गेलो होतो. प्रवासाच्या वेळेच्या दीडपट बॅटरी हवी असा दंडक बऱ्याच कंपन्या धरतात. १६ तासांच्या विमानाला २४ तासांच्या बॅटऱ्या! सीटजवळचं सॉकेट धरायचं नाही, ते बंद असू शकतं. आणि मशीनवर लाल अक्षरांत एक ओळ छापलेली बघा, अमेरिकेच्या विमान खात्याच्या अटी हे मशीन पाळतं अशी. २०१६ पासून तशी ओळ असते. देशातल्या प्रवासातही काउंटरवरच्या माणसाला ती दाखवली की काम झटकन होतं.

शहापूरची_लेक
बॅटरीवर छापलेले तास सगळ्यात लहान नंबरवरचे असतात. १ वर सहा तास चालणारी बॅटरी ३ वर निम्म्यावर येते. सतत २ लिटरवर तर तास-दोन तासांतच आटोपते. म्हणून आपल्या नंबरवर किती, ते घरी घड्याळ लावून बघायचं. भाड्याच्या बॅटऱ्या जुन्या असतात, पुस्तकातले तास त्यांना लागू पडत नाहीत.

हिशेबही नुसत्या उड्डाणाचा धरू नका. घरातून निघाल्यापासून पोचल्यावर मोठ्या मशीनची पिन सॉकेटमध्ये जाईपर्यंत धरा. कंपनी दीडपट मागते ती उड्डाणाची, आप्पांना श्वास घ्यायचाय तो दिवसभर.

बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात कधीही नाही, सगळ्या हातात. प्रत्येकीची टोकं झाकलेली, वेगळ्या पिशवीत. १०० वॅट-तासांपर्यंतची बिनबोभाट चालते, १०० ते १६० मधली असेल तर कंपनीची परवानगी आणि सुट्या दोनच. आकडा बॅटरीच्या पाठीवर असतो, त्याचा फोटो काढून फॉर्मबरोबर पाठवा.

मोदगा_शिवार
बेंगळूरहून फिरून जायचं कारण काय? सरळ गोव्याच्या मोपा विमानतळाला जावा की. बेळगावातनं चोर्ला घाटानं अडीच-तीन तास, तिथनं दिल्लीला थेट विमानं आहेत. एकदाच चढायचं, एकदाच उतरायचं. गाडीत तर मशीन गाडीच्या चार्जरवर चालतंय, बॅटरी खर्चच नाही. आमच्या पाहुण्यांनी असंच केलं.

टिळकवाडी_पहिलं_गेट
सांबरा लहान, ओळखीचं, गर्दी नाही. त्या वयाच्या माणसाला घाटातून न्यायचं म्हणजे... रस्त्याचे हाल तुम्हाला ठाऊक आहेत.

मोदगा_शिवार
रस्ता खराब हाय, नाही म्हणत नाही. पण खड्ड्यानं कंबर दुखंल, दम नाही लागणार. बेंगळूरला विमान बदलताना उशीर झाला तर दम लागतोय. हळू चालवायचं, मधे थांबायचं.

शहापूरची_लेक
मोदगा काकांचं मला एकदम पटलं. चोर्ल्याची उंची आपल्या बेळगावपेक्षा फार वेगळी नाही, तिचा त्रास होणार नाही. एक उड्डाण कमी, म्हणजे एकदाच हवेचा दाब बदलणार, बॅटरीचा हिशेब निम्मा. फक्त मशीनबरोबर गाडीचा चार्जर येतो का विचारा, भाड्यात तो वेगळा मोजतात. आणि काही मशीनं गाडीच्या चार्जरवर मोठ्या नंबरला बॅटरी भरत नाहीत, नुसती चालतात.

काकती_वेस
मला एक काळजी वाटते ती सांगते, वाईट वाटून घेऊ नका. हिवाळ्यातली दिल्लीची हवा. माझा भाऊ तिकडं असतो, धडधाकट माणूस, डिसेंबरात खोकून हैराण. फायब्रोसिसच्या माणसाला तिथं न्यायचं का, हाच मूळ प्रश्न नाही का?

अनगोळकर
वाईट कशाला वाटेल, हे डॉक्टरांनीही विचारलं. फेब्रुवारीअखेर धूर-धुकं बरंच कमी झालेलं असतं म्हणून लग्न नोव्हेंबरातनं तिकडं सरकवलंय, भावानं मुद्दाम. कार्यालयाऐवजी छावणीच्या आवारातला हॉल घेतलाय, राहणंही तिथंच. आप्पा बाहेर फिरणार नाहीत. पण खरं सांगायचं तर आप्पांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, पस्तीस वर्षं वाळूच्या धुरळ्यात उभा राहिलोय, चार दिवसांच्या हवेचं काय सांगता. यावर मी काय बोलणार?

कामगार_खानापूर
पस्तीस वर्षं फौंड्रीत? दादा, धागा थोडा वळवतो, पण हे विचारल्याशिवाय राहवत नाही. आप्पांच्या एक्स-रे, सीटीवर कुणी सिलिकोसिस शब्द लिहिलाय का? साच्याच्या वाळूत सिलिका असते. साचा फोडताना, कास्टिंग घासताना जी बारीक धूळ उडते ती फुफ्फुसात बसते आणि निघत नाही. नोकरी सुटल्यावरही आजार वाढत जातो.

आप्पांच्या काळात लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिस होता. अशा पेशंटची खबर फॅक्टरी खात्याला देणं डॉक्टरवर बंधनकारक होतं. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यातही धंद्यामुळं होणाऱ्या आजारांत तो मोडत होता, ईएसआयच्या (कामगार राज्य विम्याच्या) कायद्यातही. आपल्याकडं बहुतेकांच्या कागदावर नुसतं दमा किंवा टीबी लिहिलेलं असतं आणि विषय संपतो. उद्यमबागेत काम केलेली किती माणसं आज घरात नळी लावून बसली असतील!

अनगोळकर
कागदावर फायब्रोसिस एवढंच आहे. काय काम करत होता, हे कुणी विचारल्याचं आठवत नाही. ईएसआयचं जुनं कार्ड ट्रंकेत आहे. कारखाना बंद झालाय.

कामगार_खानापूर
कार्ड जपून ठेवा. जुनी पगाराची चिठ्ठी, पीएफचा कागद, काहीही असेल ते. सोमवारी डॉक्टरांना भेटाल तेव्हा कामाचा इतिहास केसपेपरवर लिहायला लावा: कुठलं काम, किती वर्षं, वाळू कुठली. भरपाई मिळेल न मिळेल, ते पुढचं. नोंद झाली पाहिजे. यासाठी वेगळा धागा काढतो, इथं विमानाचंच चालू द्या.

शहापूरची_लेक
काका, धागा नक्की काढा, मी येते. आमच्याकडं येणाऱ्या पेशंटनाही आम्ही कामाचं विचारायला हवं, ते होत नाही हे खरं आहे.

अनगोळकर
मंडळी, सोमवारची बातमी.

डॉक्टरांनी केसपेपरवर "फौंड्री मोल्डर, ३५ वर्षं" लिहिलं आणि जुनी सीटी पुन्हा बघायला ठेवून घेतली. कामगार_खानापूर बंधूंना धन्यवाद, त्यांना फोन करून सांगतोच.

बेंगळूरच्या एका भाडेवाल्यानं दोन मशीनं चाचणीसाठी पाठवली. त्याचं भाडं वेगळं घेतलं, पण घेऊ दे. आधी लहान, पल्सवालं. ३ नंबरवर आप्पा खुर्चीत बसलेले, मीटर ९४. सगळे खूश. आप्पा तर म्हणाले हेच घ्या, वजन नाही काही. मग गल्लीच्या टोकापर्यंत चालवलं. मारुतीच्या देवळापाशी ८५. थांबवलं, भिंतीला टेकवून उभं केलं, वर यायला बराच वेळ लागला. नंबर ५ केला तर मशीन भुर्रर्र आवाज करायला लागलं आणि मीटर ८६ च्या पुढं सरकेना.

दुसऱ्या दिवशी चाकावरचं जड मशीन, सतत २ लिटरवर. तेच अंतर, तेच देऊळ, ८९. फरक डोळ्यांनी दिसला. आप्पा बोलत बोलत परत आले.

डॉक्टरांनी मग असं लिहून दिलं: जड मशीनच न्यायचं. बसलेले असताना ते पल्सवर, त्याचा नंबर त्यांनी ठरवून दिलाय, आणि शौचालयाला उठायचं असेल तर तेवढ्यापुरतं सतत २ किंवा ३ लिटर. त्यामुळं बॅटरी वाचते. तिकीट मोपाहून थेट दिल्ली काढलं.

निपाणीकर
शाब्बास. बसून ९४ बघून लहान मशीन घेऊन गेला असता तर विमानतळावर पंचाईत झाली असती.

सदाशिवनगर_पेठ
सिक्युरिटीला मशीन एक्स-रेच्या पट्ट्यावर टाकायला सांगतात. आधीच सांगा की पेशंट त्यावर आहे, बसून हातानं तपासा म्हणून. पट्ट्यावर टाकावंच लागलं तर आप्पांना खुर्चीत बसवून ठेवा, त्या मिनिटात उभं करू नका. आणि नेलपेंट, मेंदी! लग्नघरात बायका आजोबांच्या बोटालाही मेंदी लावतील. गडद रंगानं मीटर चुकीचं दाखवतं. एक बोट कोरं ठेवा. थंड हातानंही चुकतं, दिल्लीत आधी हात चोळून मग लावा.

अनगोळकर
काल परतलो. ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांच्यासाठी लिहितो.

चोर्ल्यात मशीन गाडीच्या चार्जरवर चाललं, मोपाला पोचलो तेव्हा सगळ्या बॅटऱ्या भरलेल्या. काउंटरवर फॉर्म, पत्र, बॅटरीच्या पाठीचे फोटो, सगळं एका फाइलीत. बाईंनी लाल ओळ वाचली आणि शिक्का मारला. दिल्लीचं विमान जाताना वेळेवर, परतीचं मात्र बरंच उशिरा सुटलं. दोन बॅटऱ्या फाटकापाशीच संपल्या. तिथल्या सॉकेटवर भरत बसलो. दीडपटच्या भरवशावर राहिलो असतो तर विमानात चढायलाच अडचण होती. ताईंनी दिवसभराचा हिशेब धरायला सांगितला म्हणून निभावलं.

विमानात आप्पांचं मीटर ८८ ते ९१ मध्ये राहिलं. एकदा ८६ दिसलं, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं एक नंबर वाढवला, आलं वर. दिल्लीत मोठं मशीन भावानं आधीच आणून ठेवलं होतं. अक्षता टाकल्या, जेवले, फोटोत नळीसकट बसले, काढू दिली नाही.

डिपॉझिट परत मिळालं. गाडीच्या चार्जरची वायर सोललेली आहे म्हणून कापायला बघत होते. मशीन आलं त्या दिवशीचा फोटो दाखवला, त्यात ती तशीच होती.

घटप्रभा_काठ
दादा, आमच्या गोकाकच्या मावशींना मेमध्ये हैदराबादला न्यायचंय, सीओपीडी आहे, घरी १ लिटरवर असतात. त्यांनाही जडच मशीन लागेल का?

शहापूरची_लेक
ताई, तसं नाही. १ लिटरवर आणि सीओपीडी असेल तर पल्सवालं लहान मशीन पुष्कळदा पुरतं. पण चालवून बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. शेवटच्या तपासणीचा रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा रिपोर्ट असेल तर डॉक्टरांकडं घेऊन जा, विमानात किती वाढवायचं ते त्यावर ठरतं. मे म्हणजे वेळ आहे. एप्रिलच्या सुरुवातीला चाचणीसाठी मागवा, सुट्ट्यांत मशीनं मिळत नाहीत.

अनगोळकर
बेंगळूरच्या भाडेवाल्याकडं चाचणीचं बुकिंग कसं करायचं ते तुम्हाला व्यनि (वैयक्तिक निरोप) केलंय. ॲनालायझर लावून दाखवायला आधीच सांगा, ते दाखवतात.